१२,३४,५६,७८९ : एक मोठी संख्या कागदावर उलगडायची कशी

मोठ्या संख्येचे अवयव काढायला बसलं की बहुतेक जण लगेच भागाकार सुरू करतात. ७ ने, ११ ने, १३ ने, १७ ने... पंचवीस-तीस भागाकार झाले की हात दुखायला लागतो आणि संख्या होती तिथेच असते. मग कागद बाजूला ठेवून संख्या यंत्रात टाकायची. उत्तर मिळतं, पण त्या संख्येशी ओळख होत नाही.

भागाकाराला हात लावण्याआधी संख्या नीट वाचली, स्वस्तात मिळणारी माहिती आधी गोळा केली, तर नऊ अंकी संख्यासुद्धा एका बैठकीत उलगडते. हे दाखवायला मी सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असलेली संख्या घेतली आहे: १ ते ९ अंक ओळीने लिहिले की होणारी १२,३४,५६,७८९. हिच्याकडे पाहून आत काय दडलं असेल याचा अंदाज येत नाही, आणि जे निघतं ते फार सुंदर आहे. सोबत कागद-पेन्सिल घ्या. साधा कॅल्क्युलेटर चालेल, पण तो फक्त गुणाकाराच्या पडताळ्यापुरता वापरा.

आधी आकार, मग शेपूट

पहिलं काम संख्येचा आकार ठरवायचं. अंक नऊ. वर्गमूळ साधारण किती? ११,१११ चा वर्ग १२,३४,५४,३२१ येतो, म्हणजे आपल्या संख्येपेक्षा अवघ्या २,४६८ ने कमी. ११,११२ चा वर्ग मात्र पुढे निघून जातो. तेव्हा वर्गमूळ ११,१११ आणि ११,११२ यांच्या मध्ये आहे. हे कोपऱ्यात लिहून ठेवा, २,४६८ हा फरकसुद्धा. त्याचा उपयोग शेवटी शेवटी होणार आहे.

द्विमान पद्धतीत, म्हणजे फक्त ० आणि १ वापरून लिहिली तर, ही संख्या किती अंकी असेल हेही इथेच कळतं. २ चा २६ वा घात ६,७१,०८,८६४ आणि २७ वा घात १३,४२,१७,७२८. आपली संख्या या दोघांच्या मध्ये आहे, म्हणून द्विमान पद्धतीत २७ अंक लागतात. प्रत्यक्ष रूप असं: १११ ०१०१ १०११ ११०० ११०१ ०००१ ०१०१. यात १६ वेळा एक आणि ११ वेळा शून्य.

आता शेपटाकडे बघू. एकक स्थानी ९, म्हणजे संख्या विषम आहे आणि ५ नेही भाग जात नाही. पण इथेच थांबू नका. शेवटच्या दोन अंकांवरून ४ ने भागल्यावरची बाकी मिळते आणि शेवटच्या तीन अंकांवरून ८ ने भागल्यावरची. ८९ ला ४ ने भागलं की बाकी १. ७८९ ला ८ ने भागलं की बाकी ५.

ही ५ बाकी फार कामाची आहे. कुठल्याही विषम संख्येचा वर्ग घ्या, त्याला ८ ने भागा, बाकी नेहमी १ च उरते. आपली संख्या विषम आहे आणि तिची बाकी ५ आहे, तेव्हा ती पूर्ण वर्ग असूच शकत नाही. एकक स्थानचा ९ वर्गाला चालतो (३, ७, १३ यांचे वर्ग ९ वरच संपतात), अंकांच्या बेरजेची कसोटीही हिला अडवत नाही. ८ च्या बाकीने मात्र एका ओळीत निकाल दिला.

त्रिकोणी संख्या (१ + २ + ३ + ... अशा ओळीच्या बेरजेची) आहे का तेही लगेच पाहता येतं. संख्या त्रिकोणी असेल तर तिची आठपट अधिक १ हा पूर्ण वर्ग यायला हवा. आठपट ९८,७६,५४,३१२, त्यात १ मिळवला की ९८,७६,५४,३१३. शेवटी ३. कुठलाही वर्ग ३ वर संपत नाही. विषय संपला.

अंकांची बेरीज आणि ९ चा भागाकार

१ ते ९ ची बेरीज ४५. ४५ ला ९ ने निःशेष भाग जातो, म्हणून संख्येलाही जातो. कसोटी चालते कारण १०, १००, १००० या सगळ्यांना ९ ने भागलं की बाकी १ च उरते. त्यामुळे बाकीच्या हिशेबात प्रत्येक अंकाची स्थानिक किंमत गळून पडते आणि फक्त दर्शनी किंमत राहते. याचा एक छान परिणाम असा: १ ते ९ हे अंक प्रत्येकी एकदा वापरून ३,६२,८८० संख्या तयार होतात, त्या सगळ्यांची बेरीज ४५ च, म्हणून त्या सगळ्यांना ९ ने भाग जातो. त्यांतली एकही मूळ संख्या नाही.

भागाकार करताना घाई करू नका, कारण इथे एक अंक चुकला तर पुढचं सगळं वाया जातं. १२ ला ९ ने भागलं, भाग १, बाकी ३. पुढचा अंक ३ खाली घेतला, ३३ झाले, भाग ३, बाकी ६. मग ६४, भाग ७, बाकी १. १५, भाग १, बाकी ६. ६६, भाग ७, बाकी ३. ३७, भाग ४, बाकी १. १८, भाग २, बाकी शून्य. शेवटचा ९, भाग १. उत्तर १,३७,१७,४२१.

भाग गेला म्हणून लगेच पुढे जायचं नाही. तोच अवयव पुन्हा बसतो का ते पाहायचंच. १ + ३ + ७ + १ + ७ + ४ + २ + १ = २६. ३ ने भाग जात नाही. म्हणजे १२,३४,५६,७८९ मध्ये ३ चा घात बरोबर दोन आहे, त्याहून जास्त नाही. काही जण इथे ४५ वरून २७ चा विचार करायला लागतात. अंकांच्या बेरजेची कसोटी ३ आणि ९ पुरतीच आहे, २७ ला ती लागू नाही, त्यामुळे एकदा भागून भागाकाराचीच बेरीज पाहणं हा सरळ मार्ग.

इथून पुढे आपलं काम १,३७,१७,४२१ वर.

७, ११, १३ एकाच झटक्यात

१००१ = ७ × ११ × १३ ही ओळ पाठ असू द्या. १००० ला या तिघांपैकी कुणीही भागलं तरी बाकी उणे १ धरता येते. म्हणून संख्येचे उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडायचे आणि आळीपाळीने अधिक-उणे करायचं.

इथे एक गफलत हमखास होते. आपले स्वल्पविराम हजारानंतर दोन-दोन अंकांनी पडतात: १,३७,१७,४२१. ते पाहून गट पाडले तर उत्तर चुकतं. या कसोटीपुरती संख्या स्वल्पविरामांशिवाय पुन्हा लिहा आणि मग गट करा: १३ | ७१७ | ४२१.

४२१ − ७१७ + १३ = −२८३. आता २८३ ला ७ ने भागा, बाकी ३. ११ ने भागा, बाकी ८. १३ ने भागा, बाकी १०. तिन्ही बाद झाले. आठ अंकी संख्येचे तीन भागाकार करण्याऐवजी तीन अंकी संख्येचे तीन तोंडी भागाकार झाले.

तेच गट नुसते मिळवले तर ३७ ची परीक्षा होते, कारण ९९९ = २७ × ३७. १३ + ७१७ + ४२१ = ११५१, त्याचे पुन्हा गट केले तर १ + १५१ = १५२, आणि १५२ ला ३७ ने भागलं की बाकी ४. ३७ ही बाद. दोन-दोन अंकांचे गट करून आळीपाळीने अधिक-उणे केलं तर १०१ ची परीक्षा होते: २१ − ७४ + ७१ − १३ = ५. तोही नाही.

आता कुठल्या वाटेने जायचं

हा खरा निर्णयाचा क्षण आहे. १,३७,१७,४२१ चं वर्गमूळ ३,७०३ च्या थोडं पुढे आहे. ही संख्या संयुक्त असेल तर तिचा एक तरी मूळ अवयव ३,७०३ पर्यंत सापडायलाच हवा. पण तिथपर्यंत ५०० हून जास्त मूळ संख्या आहेत. एकेकीने भागत जायचं म्हटलं तर हातानं तरी ते परवडणारं नाही.

दुसरी वाट वर्गांच्या वजाबाकीची. विषम संयुक्त संख्या दोन वर्गांचा फरक म्हणून लिहिता येते, आणि अ² − ब² = (अ − ब)(अ + ब) असल्याने तसं लिहिता आलं की अवयव हातात येतात. ही पद्धत पियरे द फर्मा या फ्रेंच गणितज्ञाच्या नावाने ओळखली जाते. त्याच्याही जवळपास तीनशे वर्षं आधी, १३५६ साली, नारायण पंडितांनी 'गणितकौमुदी'त अवयव काढण्यावर 'भागादान' हे वेगळं प्रकरण लिहिलं, त्यात ही युक्ती आहे. आपल्याकडे शाळेत (अ − ब)(अ + ब) हे सूत्र घोकून घेतलं जातं, पण त्यातून अवयव सापडतात हे फार थोड्यांना सांगितलं जातं, याची मला मनापासून खंत वाटते.

करायचं असं. वर्गमूळाच्या लगेच वरची पूर्ण संख्या घ्यायची, इथे ३,७०४. तिच्या वर्गातून आपली संख्या वजा करायची आणि उरलेला आकडा पूर्ण वर्ग आहे का ते पाहायचं.

३,७०४² = १,३७,१९,६१६. वजा केल्यावर उरतात २,१९५. ४६ चा वर्ग २,११६ आणि ४७ चा २,२०९. मध्येच पडलं, वर्ग नाही.

पुढच्या वर्गासाठी पुन्हा गुणाकार नको. लगतच्या दोन वर्गांतला फरक त्या दोन संख्यांच्या बेरजेइतका असतो: ३,७०४ + ३,७०५ = ७,४०९. तेवढे आधीच्या उरलेल्या आकड्यात मिळवायचे. २,१९५ + ७,४०९ = ९,६०४.

९,६०४ कडे दोन क्षण बघा. १०० चा वर्ग १०,०००. त्याच्या थोडं अलीकडे ९८ चा वर्ग: १०,००० − ४०० + ४ = ९,६०४. बसला!

म्हणजे १,३७,१७,४२१ = ३,७०५² − ९८² = ३,६०७ × ३,८०३.

भागाकाराच्या वाटेने गेलो असतो तर ३,६०७ पर्यंत पोचेपर्यंत ५०३ मूळ संख्या फुकट गेल्या असत्या, कारण ती ५०४ वी मूळ संख्या आहे. इथे दोन पायऱ्यांत काम झालं.

खरं तर एकाच पायरीत झालं असतं. १,३७,१७,४२१ चे शेवटचे दोन अंक २१, त्याला ४ ने भागलं की बाकी १. वर्गाला ४ ने भागल्यावर बाकी ० किंवा १ च येते, तेव्हा दोन वर्गांच्या फरकाची बाकी १ यायची असेल तर मोठा वर्ग विषमाचा आणि लहान वर्ग समाचाच हवा. म्हणून ३,७०४ करून पाहायची गरजच नव्हती, थेट ३,७०५ घ्यायची. बाकी ३ असती तर उलट, सम संख्याच करून पाहायच्या. शेपटाकडे आधी बघा असं मी का म्हणत होतो ते इथे दिसतं: निम्मं काम वाचतं.

३,६०७ आणि ३,८०३ आणखी फुटतात का?

ही पायरी गाळू नका. दोन अवयव मिळाले म्हणजे ते मूळच आहेत असं नाही. ६० चा वर्ग ३,६००, त्यामुळे ३,६०७ साठी ६० पर्यंतच्या मूळ संख्या पुरतात. ३,८०३ साठी ६१ पर्यंतच्या.

यातही बरंच काम आधीच झालेलं आहे. २, ३, ५, ७, ११, १३ आणि ३७ ने या दोघांच्या गुणाकारालाच भाग जात नव्हता, तेव्हा दोघांपैकी एकालाही जाणार नाही. उरतात १७, १९, २३, २९, ३१, ४१, ४३, ४७, ५३, ५९, आणि ३,८०३ साठी ६१.

३,६०७ च्या बाक्या याच क्रमाने: ३, १६, १९, ११, ११, ४०, ३८, ३५, ३, ८. शून्य कुठेच नाही. ३,८०३ च्या बाक्या: १२, ३, ८, ४, २१, ३१, १९, ४३, ४०, २७, २१. इथेही नाही. दोन्ही मूळ.

१२,३४,५६,७८९ = ३² × ३,६०७ × ३,८०३.

पडताळा

नवाचा ताळा सगळ्यांना माहीत असतो. ३,६०७ ची अंकबेरीज १६, म्हणजे ७. ३,८०३ ची १४, म्हणजे ५. ७ × ५ = ३५, म्हणजे ८. १,३७,१७,४२१ ची २६, म्हणजे ८. जुळलं.

पण दोन अंकांची अदलाबदल झाली तर नवाच्या ताळ्याला ती दिसत नाही, कारण बेरीज तीच राहते. म्हणून सोबत ११ चा ताळाही घ्यावा. उजवीकडून आळीपाळीने अधिक-उणे: ३,६०७ साठी ७ − ० + ६ − ३ = १०. ३,८०३ साठी ३ − ० + ८ − ३ = ८. गुणाकार ८०, ११ ने भागल्यावर बाकी ३. आणि १,३७,१७,४२१ साठी १ − २ + ४ − ७ + १ − ७ + ३ − १ = −८, म्हणजे ११ मिळवून ३. हेही जुळलं. दोन्ही ताळे जुळले म्हणजे चूक राहिली असलीच तर ती ९९ च्या पटीतली असेल.

अवयव हातात आले की काय काय मिळतं

एवढी मेहनत का केली त्याचं उत्तर इथे आहे. मूळ अवयव मिळाले की संख्येचे बाकीचे गुणधर्म नुसत्या गुणाकाराने बाहेर पडतात.

विभाजक किती? प्रत्येक घातांकात १ मिळवून गुणायचं: ३ × २ × २ = १२. ते असे: १, ३, ९, ३,६०७, ३,८०३, १०,८२१, ११,४०९, ३२,४६३, ३४,२२७, १,३७,१७,४२१, ४,११,५२,२६३ आणि स्वतः १२,३४,५६,७८९. विभाजकांची संख्या सम आली, हा संख्या पूर्ण वर्ग नसल्याचा दुसरा पुरावा.

त्यांची बेरीज: (१ + ३ + ९) × ३,६०८ × ३,८०४ = १७,८४,२२,८१६. यातून ती संख्या स्वतः वजा केली की उरतात ५,४९,६६,०२७. स्वतःच्या निम्म्याहूनही कमी. म्हणून ही न्यून संख्या. ६ किंवा २८ सारख्या परिपूर्ण संख्यांच्या (ज्यांची अशी बेरीज स्वतःइतकीच येते) ती जवळपासही नाही, कारण हिला लहान मूळ अवयव एकच, ३.

१ पासून या संख्येपर्यंत हिच्याशी सहमूळ असलेल्या संख्या किती? ६ × ३,६०६ × ३,८०२ = ८,२२,६०,०७२. दर तीनातल्या दोन संख्या ३ मुळे वाचतात, त्यातल्या ३,६०७ आणि ३,८०३ च्या पटी तेवढ्या आणखी गळतात. म्हणून उत्तर एकूण संख्यांच्या दोन तृतीयांशांहून किंचित कमी.

वर्गांची गंमत

संख्या विषम आहे आणि पूर्ण वर्ग नाही, त्यामुळे विभाजकांच्या जितक्या जोड्या तितक्या प्रकारे ती दोन वर्गांचा फरक म्हणून लिहिता येते. जोड्या सहा, प्रकार सहा. सगळ्यात आटोपशीर प्रकार १०,८२१ आणि ११,४०९ या जोडीचा: ११,११५² − २९४².

दोन वर्गांची बेरीज म्हणून मात्र ती लिहिता येत नाही, आणि इथे फसायला होतं. ४ ने भागल्यावर बाकी १ उरते, मूळ संख्येच्या बाबतीत तेवढं पुरतं, म्हणून पुष्कळ जण इथेही 'येते' म्हणून मोकळे होतात. संयुक्त संख्येत आत डोकवावं लागतं. नियम असा: ४ ने भागल्यावर ३ बाकी देणारा प्रत्येक मूळ अवयव सम घातात हवा. ३ चा घात दोन आहे, तो चालला. पण ३,६०७ आणि ३,८०३ दोघांचीही बाकी ३ आणि दोघेही एकेकदाच आलेत. दोन ३ बाक्यांचा गुणाकार ९, त्याची बाकी १. बाहेरून सगळं ठीक दिसलं ते एवढ्यामुळे.

तीन वर्गांची बेरीज येते. ८ ने भागल्यावर ७ उरणाऱ्या संख्या, आणि त्यांना ४ ने कितीही वेळा गुणून मिळणाऱ्या संख्या, एवढ्याच तीन वर्गांत बसत नाहीत. आपली बाकी ५. पण 'येते' म्हणून सोडून द्यायचं नाही, लिहून दाखवायचं. सुरुवातीला कोपऱ्यात लिहून ठेवलेला तो २,४६८ आता काढा. २,४६८ = ४ × ६१७, आणि ६१७ = १९² + १६². चारने गुणलं की आतल्या संख्या दुप्पट होतात: ३८² + ३२² = १,४४४ + १,०२४ = २,४६८. म्हणून

१२,३४,५६,७८९ = ११,१११² + ३८² + ३२².

एक भागिले ही संख्या

हा भाग थोडा अवघड आहे, पण मला सगळ्यात आवडतो. १ ला या संख्येने भागलं तर दशांश आवर्ती येतो. किती अंकांनी तो फिरून येतो?

सुरुवातीचे अंक आधी पाहा. आपल्या संख्येला ८१ ने गुणलं तर ९,९९,९९,९९,९०९ येतात, एक हजार कोटींना फक्त ९१ कमी. म्हणजे दशांशाचे पहिले दहा अंक ००००००००८१ आणि बाकी ९१. पुढच्या दहा अंकांत तोच हिशेब ९१ पटीने: ८१ × ९१ = ७,३७१, म्हणून ००००००७३७१. त्यापुढचे दहा, पुन्हा ९१ पट: ००००६७०७६१. चौथा गट ००६१०३९२५१. पाचव्या गटापासून हातचे यायला लागतात आणि ही ठेवण दिसेनाशी होते.

आवर्तनाची लांबी प्रत्येक मूळ अवयवाकडून स्वतंत्र काढायची आणि शेवटी लसावि घ्यायचा. ९ साठी लांबी १. ३,८०३ साठी ती ३,८०२ ची विभाजक असायला हवी, आणि ३,८०२ = २ × १,९०१, दोन्ही मूळ. लांबी १ किंवा २ असती तर ३,८०३ ने ९ ला किंवा ९९ ला भाग गेला असता, तसं नाही. उरले १,९०१ आणि ३,८०२. यांतलं कुठलं ते १० ही संख्या ३,८०३ ने भागताना एखाद्या वर्गाची बाकी म्हणून येते का यावर ठरतं: येत असेल तर १,९०१, नसेल तर ३,८०२. ३,८०३ ला ८ ने भागल्यावर ३ उरतात, म्हणून २ अशी बाकी नाही. ५ ने भागल्यावरही ३ उरतात, म्हणून ५ ही नाही. दोन नकार मिळून होकार होतो, १० अशी बाकी आहे. लांबी १,९०१.

३,६०७ साठी ८ ने भागल्यावर ७ उरतात, २ चालते. ५ ने भागल्यावर २ उरतात, ५ चालत नाही. तेव्हा १० चालत नाही, आणि लांबी १,८०३ ची विभाजक असू शकत नाही. ३,६०६ = २ × ३ × ६०१ असल्याने पर्याय उरतात २, ६, १,२०२ आणि ३,६०६. पहिले दोन ९९ आणि ९,९९,९९९ चे अवयव पाहून गळतात. १,२०२ साठी १० चे घात वर्ग करत करत वाढवायचे आणि दर वेळी ३,६०७ ने भागून बाकीच तेवढी ठेवायची. ६०१ व्या घाताची बाकी १,४०० येते, तिचा वर्ग केला की १,२०२ व्या घाताची बाकी १,३९९. ती १ नाही, म्हणजे लांबी पूर्ण ३,६०६.

१,९०१ आणि ३,६०६ सहमूळ आहेत, म्हणून लसावि म्हणजे त्यांचा गुणाकार: ६८,५५,००६. एवढ्या अंकांनंतर हा दशांश पहिल्यापासून सुरू होतो.

उलटी संख्या, आणि यंत्राकडे कधी जायचं

९८,७६,५४,३२१ घ्या. युक्लिडच्या रीतीने मसावि एका ओळीत येतो: ती आपल्या संख्येच्या आठपट अधिक ९ आहे. मसावि ९, त्यापलीकडे दोघींत काही समान नाही. स्वभावही अगदी वेगळा. हिला ९ ने भागल्यावर १०,९७,३९,३६९ उरतात. इथे वर्गांच्या वजाबाकीचा हट्ट धरलात तर दीड लाखाहून जास्त पायऱ्या लागतील, कारण हिचे अवयव वर्गमूळापासून फार दूर आहेत. साध्या भागाकाराने मात्र सातव्याच मूळ संख्येला, १७ ला, भाग जातो, आणि भागाकारालाही पुन्हा १७ ने जातो. उरते ३,७९,७२१, ती मूळ आहे. हे हाताने तपासायचं तर ६१३ पर्यंत जावं लागेल.

म्हणून माझा क्रम असा असतो: आधी शेपूट आणि बेरीज, मग शंभरापर्यंतच्या मूळ संख्या, मग वर्गांच्या वजाबाकीच्या दहा-वीस पायऱ्या. तरीही काही निघालं नाही तर खुशाल यंत्र वापरा. संख्या मूळ आहे की नाही एवढंच हवं असेल तर मिलर-राबिन कसोटी शेकडो अंकी संख्येलाही झटपट पुरते. ही कसोटी संभाव्यतेवर चालते. शंभर टक्के खात्रीने आणि वाजवी वेळात उत्तर देणारी रीत २००२ साली मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी आयआयटी कानपूरमध्ये शोधली. अवयव काढणं हे मात्र आजही अवघडच आहे. आरएसए या गुप्तलेखन पद्धतीच्या नावाने आव्हान म्हणून दिलेली आरएसए-२५० ही २५० अंकी संख्या २०२० साली फुटली, तीसुद्धा पुष्कळ संगणक एकत्र लावून. गुप्त संदेशांसाठी दोन मोठ्या मूळ संख्या निवडताना त्या एकमेकींच्या फार जवळ नसाव्यात हा नियम का असतो, तेही आता तुम्हाला ३,६०७ आणि ३,८०३ वरून कळेल.

सरावासाठी फर्माचीच संख्या देतो: २,०२,७६,५१,२८१. त्याने ती १६४३ सालच्या पत्रात फोडून दाखवली आहे. वर्गमूळाच्या लगेच वरची संख्या ४५,०३०. तिथून एकेक करत गेलात तर बाराव्या प्रयत्नाला वर्ग सापडेल. शेवटचे दोन अंक ८१, ४ ने भागल्यावर बाकी १, म्हणजे विषम संख्याच करून पाहायच्या. ४५,०३१ पासून सुरुवात करा, सहाव्या प्रयत्नाला १,०२० चा वर्ग समोर येईल.